उभ्या उताराच्या डोंगरी ओढ्यात मित्रांसोबत कयाकिंग: आधी थांबायला शिका

मोठ्या नदीत कयाक चालवता येते म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातही येईल, हा हिशोब चुकतो. नदीत पाणी भरपूर असतं, रॅपिड (खळखळत्या पाण्याचा टप्पा) संपला की पुढे बऱ्याचदा सपाट पाणी मिळतं, उलटलात तर रोल करायला (बोटीत बसूनच परत सरळ व्हायला) वेळ असतो आणि रोल नाही लागला तर पोहून काठाला लागता येतं. ओढ्यात पाणी कमी आणि दगड जास्त, एक ड्रॉप (पाणी एकदम खाली पडतं ती पायरी) संपतो तिथेच दुसरा चालू होतो, आणि दम घ्यायला मिळते ती एखाद्या दगडामागची बोटीएवढी जागा. म्हणून माझं ठाम मत असं की क्रीकिंग (ओढ्यातल्या कयाकिंगला सगळे हेच म्हणतात) म्हणजे ड्रॉप मारता येणं नाही, थांबता येणं आहे. पाहिजे तिथे, पाहिजे तेव्हा, आणि एकट्याला नाही तर अख्ख्या ग्रुपला.

हे मी त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांना ग्रेड ३ ची नदी (ग्रेड म्हणजे पाण्याच्या अवघडपणाचा आकडा) आरामात जमते, ग्रेड ४ मध्ये दुसऱ्याच्या मागे न जाता स्वतः लाईन (उतरायची वाट) शोधता येते आणि रोल दोन्ही बाजूंनी, खवळलेल्या पाण्यात, पहिल्या फटक्यात लागतो. स्विमिंग पूलमधला रोल इथे मोजू नका. ओढ्यात उलटलात की डोक्याखाली दगड असतात, त्यामुळे उलटताक्षणी पुढे वाकून छाती डेकला चिकटवायची, तोंड झाकायचं आणि त्याच स्थितीतून उठायचं, मागे रेलून सावकाश रोल लावायला जाल तर चेहरा आणि खांदा दोन्ही उघडे पडतात.

एडीचा सराव, आणि परत एडीचा सराव

एडी म्हणजे दगडामागचा तो कप्पा जिथे पाणी उलटं वर फिरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण नदीत आपण एडी निवडतो, ओढ्यात जी असेल ती घ्यावी लागते, आणि कधीकधी एका बोटीला जेमतेम पुरेल अशा जागेत दोघांना शिरायचं असतं. सरावासाठी ओढा लागत नाही. तुमचा पाठ असलेला ग्रेड २-३ चा पट्टा घ्या आणि ठरवा की आज यातली एकही एडी सोडायची नाही, जी बघून एरवी वाटतं की ही काय घ्यायची, ती तर नक्की घ्यायची. शिरायचं ते एडीच्या वरच्या टोकाला, दगडाच्या अगदी मागे, कारण तिथे एडीलाईन (प्रवाह आणि एडी यांच्यामधली रेष) ठळक असते, खाली खाली गेलात की ती विरत जाते आणि पाणी तुम्हाला हळूच परत प्रवाहात काढून टाकतं. वेग घ्या, कोन ठेवा, रेष ओलांडताना बोट वळणाच्या बाजूला कलती करा आणि शेवटचा स्ट्रोक एडीच्या आतल्या पाण्यात रोवा, आणि मग लगेच बाजूला सरका. हे सरकणं बरेच जण विसरतात, आपण पोचलो की झालं असं वाटतं, पण मागून मित्र येतोय आणि त्याला जागा नसेल तर तो तुमच्या अंगावर येणार किंवा एडी चुकून खालच्या ड्रॉपवर जाणार.

याच्या जोडीला फेरी. एका काठाच्या एडीतून समोरच्या काठाच्या एडीत, प्रवाह कापत, खाली न वाहता जायचं. ड्रॉपच्या तोंडावर बोटीच्या दोन-तीन लांबींवरून फेरी करायची वेळ ओढ्यात येतेच, आणि तिथे ती चुकून चालत नाही, म्हणून सोप्या पाण्यात इतकी करा की विचार करावा लागू नये.

ओढा कसा निवडायचा

ग्रेड १ ते ६ ची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी सगळीकडे चालते, पण चुकलात तर पुढे काय, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. एक ग्रेड ४ चा ड्रॉप असा की खाली मोठा शांत डोह, आणि दुसरा ग्रेड ४ चाच पण खालचा दगड आतून पोखरलेला आणि सगळं पाणी त्याच्या पोटात जातंय. आकडा तोच, पण पहिल्यात पोहून बाहेर येता येतं आणि दुसऱ्यात कदाचित नाही. त्यामुळे कुणालाही ओढ्याबद्दल विचारताना ग्रेडच्या आधी हे विचारा की प्रत्येक मोठ्या ड्रॉपच्या खाली काय आहे आणि वर थांबायला जागा आहे का.

उतार नकाशावरच्या समोच्च रेषांवरून काढता येतो. किलोमीटरला २० मीटरच्या आसपास (बऱ्याच गाइडबुकांमध्ये हे फूट पर माइलमध्ये असतं, तिथे साधारण १००) उतार गेला की ओढा मोठ्या नदीसारखा वागायचं सोडतो, आणि त्याच्या दुप्पट झाला की मधलं सपाट पाणी जवळपास संपतं. पण हा आकडा सरासरीचा आहे हे लक्षात ठेवा, किलोमीटरला ३० मीटर म्हणजे सलग एकसारखी घसरण असू शकते किंवा १५ मीटरचा एक धबधबा आणि बाकी निवांत पाणी असू शकतं, म्हणून नकाशात रेषा कुठे एकमेकींना चिकटल्यात ते बघायचं आणि उपग्रहाच्या फोटोत तिथे पांढरं दिसतंय का तेही.

आता पाणी किती. मोजमाप क्युमेकमध्ये असतं, १ क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर, म्हणजे साधारण ३५ सीएफएस (सेकंदाला घनफूट). लहान ओढ्यात २-३ क्युमेकचा फरक म्हणजे वेगळाच ओढा. आणि इथे माझा मुद्दा परत येतो: पाणी वाढलं की आधी एडी गायब होतात. ड्रॉप कदाचित सोपे दिसतील, दगड झाकले जातील, सगळं गुळगुळीत वाटेल, पण थांबायच्या जागा गेलेल्या असतात आणि वेग वाढलेला असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, दगडाला अडकलेली बोट दोघं ओढून काढू शकतात आणि तीच बोट थोड्या जास्त पाण्यात सहा जणांनाही हलत नाही, ते यामुळे. पहिल्यांदा जाताय तर कमी पातळीला जा, बोट घासेल, घासू दे.

पाणी कुठून येतंय तेही बघा. बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्याला सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारनंतर, कधी कधी संध्याकाळी, चढतं, म्हणजे तुम्ही दमलेले असता तेव्हाच ओढा जोरात असतो. पावसाचा ओढा तर तासाभरात बदलतो, आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही, वरच्या खोऱ्यात पडला तरी पुरतो. थांबलात की काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा, पाच-दहा मिनिटांनी परत बघा. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, हेरलेला दगड ओला झाला, की चर्चा करत बसू नका, काठाला लागा आणि बाहेर पडायची वाट शोधा.

आणि लाकूड. ओढा अरुंद असतो त्यामुळे एक झाड पडलं की या काठापासून त्या काठापर्यंत आडवं होतं. चहाच्या गाळण्यातून चहा जातो आणि चोथा अडकतो, इथे चोथा म्हणजे आपण. प्रत्येक पुरानंतर लाकडं जागा बदलतात, म्हणून मागच्या सीझनचा व्हिडिओ बघून आलेला माणूस आणि काहीच न बघता आलेला माणूस, लाकडाच्या बाबतीत दोघं सारखेच. तो व्हिडिओ बघा जरूर, पण वळणापलीकडचं दिसत नसेल तर उतरून चालत जा.

कोण कोण जायचं

तीन ते पाच जण. तीनपेक्षा कमी नको, कारण एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबायला आणि एक मदत आणायला हवा, दोघांत हे जमत नाही. सहाच्या वर गेलात तर एडींमध्ये मावत नाही आणि कुणीतरी सतत दिसेनासा होतो, त्यापेक्षा सरळ दोन ग्रुप करा, प्रत्येकाकडे आपापलं सामान आणि आपापला पुढारी. पाचांत किमान दोघं तरी असे हवेत ज्यांनी तो ओढा आधी केलाय किंवा तसल्याच ओढ्यांवर भरपूर वेळ काढलाय, आणि सगळ्यांनी स्विफ्टवॉटर रेस्क्यूचा कोर्स केलेला असावा असं मी म्हणेन. एकाच्या कोर्सवर अख्खा ग्रुप जाऊ नये, कारण अडकणारा तोच निघाला तर काय करणार?

निघायच्या आधी काठावर दहा मिनिटं बोला. पुढे कोण, मागे कोण, दोरी कुणाकडे, पिन किट (अडकलेली बोट ओढून काढायचं सामान) कुणाकडे, फर्स्ट एड कुणाकडे, कुणाचा खांदा आधी निखळलाय, कुणाला दमा आहे, बाहेर पडायची मधली वाट कुठे आहे. आणि आज प्रत्येकाला कसं वाटतंय. शेवटचा प्रश्न लोक टाळतात, मैत्रीत तो विचित्र वाटतो, पण रात्रभर न झोपलेला मित्र स्वतःहून सांगत नाही, विचारलं तर सांगतो.

सामान

बोट क्रीकसाठीचीच हवी: जाड प्लास्टिक, मोठा व्हॉल्यूम (साधारण २६० ते ३४० लिटर), नाक वर वळलेलं, म्हणजे ड्रॉपखाली बुडाली तरी लवकर वर येते आणि दगडात नाक खुपसत नाही. प्लेबोट (लाटांवर खेळायची छोटी बोट) घेऊन कुणी येत असेल तर त्याला प्रेमाने घरी ठेवा. पायाशी पूर्ण प्लेटचा बल्कहेड (पाय टेकवायची भिंत) आणि त्यावर फोम पाहिजे, खुंटीवाले फूटपेग नको, कारण दगडावर नाक आपटलं की पाय खुंटीच्या पुढे घसरून अडकू शकतात. बोटीच्या मागच्या भागात एअरबॅग भरून फुगवा. हे लोक वजनासाठी किंवा आळसापोटी टाळतात, पण पाण्याने भरलेली ३०० लिटरची बोट म्हणजे ३०० किलो पाणी, ती तुम्हाला ओढ्यातून ओढून काढायचीय, एअरबॅग असली तर तेवढं पाणी आत मावतच नाही.

अंगावर फुल-फेस हेल्मेट (निदान कान झाकणारं तरी), कोपरांना पॅड, पाण्याच्या थंडीप्रमाणे ड्रायसूट किंवा जाड वेटसूट, पकड देणारे बूट कारण अर्धा दिवस निसरड्या दगडांवर चालण्यात जातो, आणि हार्नेसवाला रेस्क्यू पीएफडी (लाइफ जॅकेट) ज्याचा पट्टा ओढला की सुटतो. तो पट्टा काठावर ओढून बघा, नुसता बघून चालत नाही. शिट्टी आणि चाकू पीएफडीला. स्कर्टची (कमरेभोवतीच्या, बोटीत पाणी येऊ न देणाऱ्या झाकणाची) ओढायची लूप बाहेर आहे ना, हे प्रत्येकाने शेजाऱ्याचं तपासायचं, दर वेळी, कंटाळा आला तरी.

थ्रो बॅग प्रत्येकाकडे, १५ ते २० मीटर तरंगणाऱ्या दोरीची, आणि ती बोटीत अशी ठेवा की बाहेर पडताना हाताला लागेल. ग्रुपमध्ये एक जोडायचं जास्तीचं पॅडल. पिन किटमध्ये तीन-चार लॉकिंग कॅराबिनर, दोन पुली, दोन प्रुसिक (दोरीवर पकड घेणारे छोटे फास), एक लांब स्लिंग, एवढ्यात ३:१ ची झेड-ड्रॅग (ओढायचा जोर तिप्पट करणारी दोरी-पुलीची जोडणी) बनते. ते सगळ्यात मागच्याकडे द्या, कारण अडकलेला माणूस पुढे असतो आणि मागचा वरून त्याच्यापर्यंत येऊ शकतो, पुढे गेलेल्याला उलट्या प्रवाहात वर येता येत नाही. शिवाय खाणं, हेडटॉर्च, इमर्जन्सी ब्लँकेट आणि नेटवर्क नसेल तिथे चालणारा सॅटेलाइट मेसेंजर.

उतरायचं कसं

पुढचा एडीत शिरतो, वळून वर बघतो, खाली बघतो, मग मागच्याला बोलावतो. बस्स एवढंच, पण दिवसभर, प्रत्येक वळणाला. मागचा नजरेआड झाला तर पुढे जायचं नाही, आणि पुढची एडी दिसत नसेल तर हातातली सोडायची नाही. क्षितिजासारखी आडवी रेष दिसली, पाणी तिथे संपल्यासारखं वाटलं आणि पलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसले, की ड्रॉप आहे, तेव्हा त्याच्या आधीची एडी शेवटची समजू नका, तिच्याही आधीची घ्या. शेवटच्या एडीत चार जण एकमेकांना ढकलत बसलेत आणि पाचवा वरून येतोय, हे चित्र अजिबात होऊ देऊ नका.

पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून खुणा. पॅडल उभं धरलं म्हणजे ये, आडवं धरलं म्हणजे थांब. एका बाजूला दाखवलं म्हणजे त्या बाजूने ये, आणि हे कायमचं ठरवून टाका की हाताचं बोट नेहमी सुरक्षित बाजूकडेच दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही, कारण वरून येणाऱ्याला कळत नाही तुम्ही जा म्हणताय का टाळ म्हणताय. डोक्यावर थोपटलं म्हणजे मी ठीक आहे. शिट्टी एकदा म्हणजे इकडे लक्ष द्या, तीनदा म्हणजे इमर्जन्सी. डावं-उजवं नेहमी खाली तोंड करून, तुम्ही उलटे वर बघत उभे असलात तरी.

स्काउट (उतरायच्या आधी काठावरून पाहणी) करताना सगळेजण आधी ड्रॉपच्या तोंडाशी जाऊन लाईन शोधतात. उलट करा, खालून सुरू करा. खाली डोह आहे का दुसरा ड्रॉप, पाणी कुठल्या दगडाखाली घुसतंय पण तेवढंच पलीकडून बाहेर येताना दिसत नाहीये (म्हणजे तो पोखरलेला आहे किंवा खाली चाळण आहे), पोहणारा माणूस कुठे वाहत जाईल, त्याला दोरी कुठून टाकता येईल. एवढं कळलं की मग वर जाऊन लाईन बघा. लाईन दिसत असली पण दोरी टाकायला जागा नसली, तर तो ड्रॉप आज नाही. काटकी टाकून बघणं उपयोगाचं असतं, ती होलमध्ये (ड्रॉपखाली पाणी उलटं फिरतं तिथे) फिरत राहिली तर तुम्हीही राहाल अशी शक्यता धरा. होल वरून बघता दोन्ही कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतील तर कडेकडून सुटका होते, कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर पाणी कडेच्या माणसाला परत मधे आणतं. आणि काठापासून काठापर्यंत एकसारखा, सरळ, नीटस होल दिसला, बहुतेक वेळा एखाद्या बुटक्या बंधाऱ्याखाली, तर तो कितीही लहान वाटला तरी बोट उचलून चालायला लागा, कारण त्याला कडेची वाटच नसते.

ड्रॉप ठरला की आधी सेफ्टी. एक किंवा दोघं दोरी घेऊन खाली, पाय पक्के रोवलेले, अशा जागी की दोरी पकडलेला माणूस झुलत शांत पाण्यात येईल, दगडावर नाही. डोह मोठा असेल तर एक जण बोटीत बसून खाली. एक वर, जो खालून खूण आल्यावरच पुढच्याला सोडेल. मग एकेक जण.

बूफ

बूफ म्हणजे ड्रॉपवरून नाक खाली न घालता सपाट, खालच्या होलच्या पलीकडे जाऊन उतरणं. ओढ्यात हे आलंच पाहिजे. वेग लागतो पण वेड्यासारखा नाही, दिशा महत्त्वाची, आणि सगळ्यात महत्त्वाचं टायमिंग. नवशिके जवळपास सगळेच स्ट्रोक लवकर मारतात, ड्रॉप आला आला म्हणून, आणि काठाच्या अलीकडेच जोर संपतो, मग नाक खाली जातं. पॅडल अगदी काठावर, शक्यतो काठाच्या पलीकडे खाली पडणाऱ्या पाण्यात रोवायचं, नजर लांब, लांब उभा स्ट्रोक कमरेपर्यंत ओढायचा आणि त्याच वेळी गुडघे छातीकडे, म्हणजे बोट तुमच्या खालून पुढे सरकते. हवेत मागे रेलून राहू नका, उतरताना अंग पुढे आणि हातात पुढचा स्ट्रोक तयार, कारण खाली पोचल्यावर थांबलात की होल मागे ओढतं. एखाद्या अर्ध्या मीटरच्या ड्रॉपवर, खाली खोल डोह असेल तिथे, संध्याकाळपर्यंत हेच करत बसा. तेवढी मेहनत दुसऱ्या कशावरही घेतली तरी इतकी फायद्याची नाही.

उंच ड्रॉपला मात्र सपाट उतरू नका. साधारण ५-६ मीटरच्या वर, आणि विशेषतः खाली पांढरं फेसाळ पाणी नसून हिरवं घट्ट पाणी असेल तर, सपाट उतरण्याचा सगळा दणका पाठीच्या कण्यात जातो आणि मणके मोडतात. तिथे नाक खाली घालून, पुढे वाकून, पॅडल बोटीच्या बाजूला समांतर धरून शिरायचं. टायलर ब्रॅटने २००९ साली अमेरिकेतल्या पलूस फॉल्सवरून जवळपास ५७ मीटर खाली उडी घेतली तीही नाक खाली घालूनच. पण तसं शिरायला खाली खोली लागते आणि ती तुम्ही मोजलेली किंवा खात्रीची पाहिजे, अंदाजाची नाही.

काहीतरी बिघडलं तर

कुणी पोहायला लागलं तर आधी माणूस, मग बोट, मग पॅडल. बोटीमागे पळणाऱ्या मित्राला जोरात हाक मारून परत बोलवा. पोहणाऱ्याने पाठीवर, पाय वर आणि खालच्या दिशेला, आणि काठाला लागायची संधी दिसली की लगेच पालथं होऊन जीव तोडून पोहायचं, नुसतं वाहत राहायचं नाही. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, गुडघ्याएवढं असलं तरी, पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी मागून वाकवून तोंड खाली दाबतं आणि तिथून स्वतः सुटणं जवळपास अशक्य. आडव्या झाडाकडे वाहत चाललात आणि टळणार नाही असं कळलं तर पाय पुढे ठेवू नका, पालथे व्हा, त्याच्याकडे डोकं करून जोरात पोहा आणि पोचताच वर चढा.

दोरी टाकणाऱ्याने आधी ओरडायचं, नजर मिळाली की टाकायची, माणसाच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी. पकडणाऱ्याने दोरी छातीशी धरून, काठापासून लांबच्या खांद्यावरून घ्यायची आणि पाठीवर राहायचं, म्हणजे अंग तिरकं होऊन आपोआप काठाकडे येतं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, दोघांनीही.

बोट दगडावर आडवी आदळली तर दगडाकडे झुका, त्याला मिठी मारा. मनात येतं दूर जायचं, वर झुकायचं, आणि त्याच क्षणी पाणी वरची कड पकडून बोट उलटवतं. दगडाकडे झुकून राहिलात तर बऱ्याचदा हातांनी ढकलत सरकून निघता येतं. नाक खाली अडकून बोट उभी राहिली आणि हलत नाहीये, तर पायांनी बल्कहेडवर जोर देऊन मागे ढकला, बोट घडी पडायला लागल्यासारखं वाटलं तर स्कर्ट काढून बाहेर, वाट बघू नका. मित्रांनी काय करायचं: पहिलं काम त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवणं, बोट काढणं नंतर. शक्य असेल तर दुसऱ्या काठावर माणूस पोचवून दोरी आडवी ताणा, त्याला टेकायला आधार मिळतो. मग झेड-ड्रॅग. आणि हे काम पटापट, पण एकच जण सूचना देणार, पाच जण एकदम ओरडले की कुणालाच काही ऐकू जात नाही.

थंड पाण्याबद्दल एक सोपा नियम आहे, १-१०-१, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सांगितलेला. बर्फासारख्या पाण्यात पडलात तर पहिला १ मिनिट श्वास आवरण्यात जातो, त्यात घाबरू नका, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. म्हणजे खरी मर्यादा ती मधली दहा मिनिटं, त्यात दोरी पकडता आली पाहिजे, काठावर चढता आलं पाहिजे. चांगले कपडे ही मुदत वाढवतात, म्हणून त्यात काटकसर नको.

चालत जाणं

बोट खांद्यावर घेऊन ड्रॉपला वळसा घालणं हा क्रीकिंगचा भागच आहे, चांगलेचुंगले लोक रोज करतात. अडचण ड्रॉपची नसते, मित्रांची असते. चौघं मारून खाली उभे आहेत, हात हलवतायत, आणि तुमच्या पोटात गोळा आलाय. अशा वेळी एक नियम आम्ही पाळतो आणि तुम्हीही ठेवा असं मनापासून सांगतो: कुणी चालतो म्हणाला की का ते विचारायचं नाही, चल एकदा तरी असं म्हणायचं नाही, उलट त्याची बोट उचलायला एक जण जायचा. आणि जो चालतोय त्याने दोरी घेऊन सेफ्टीला उभं राहायचं, म्हणजे तो बाहेर पडलेला नाही, कामावर आहे. ज्या ग्रुपमध्ये नाही म्हणणं सोपं असतं तिथे लोक वेळेवर बोलतात, पाणी वाढतंय, मी दमलोय, मला थंडी वाजतेय, हे सगळं आधी कळतं आणि ग्रुप वेळेत थांबतो.

आणखी एक, दिवस लवकर सुरू करा. पाच किलोमीटरचा उभा ओढा पहिल्यांदा करताना स्काउट, सेफ्टी, चालणं धरून अख्खा दिवस जाऊ शकतो. अर्ध्यावर आलात आणि अर्ध्यापेक्षा जास्त उजेड संपलाय असं दिसलं तर मधल्या वाटेने बाहेर पडा, बोटी तिथेच झाडाला बांधा, दुसऱ्या दिवशी आणता येतात. बाहेर कुणाला तरी वेळ सांगून ठेवलेली असेल तर निघाल्यावर आधी त्यांना कळवा, उगाच शोधाशोध सुरू व्हायला नको.

घरी पोचल्यावर दोरी पूर्ण बाहेर काढून सुकवा, कुठे सोलली आहे का हातातून सरकवत बघा, आणि मग परत बॅगेत सैल भरा, गुंडाळून नाही, नाहीतर टाकताना गाठ बसते. ओढ्यात नवीन झाड पडलेलं दिसलं असेल तर तिथे जाणाऱ्या बाकीच्यांना त्याच दिवशी सांगा, कुठल्या ड्रॉपच्या किती वर, कुठल्या काठाला, आणि त्याच्या आधीची शेवटची एडी कुठली तेही.